मंजुळाचा हातगुण

१

बुधवारी सकाळी विठ्ठल सबनीसने मंजुळाची प्रयोगवही चाळायला घेतली आणि सेहेचाळीसाव्या पानावरून त्याची नजर एकदम एकोणपन्नासाव्या पानावर गेली. मधला कागदच नव्हता. वही शिवलेली, पानांवर आकडे छापलेले, आणि कागद मुळाशी पट्टी धरून इतका सरळ फाडलेला, की सहज बघणाऱ्याला पत्ताही लागू नये. विठ्ठल सहज बघणाऱ्यांतला नव्हता.

त्याने लगेच सगळ्यांना बोलावलं. सगळे म्हणजे सहा जण. डोंबिवली एमआयडीसीत, मानपाड्याच्या अलीकडे, रंगाच्या दोन कारखान्यांच्या मध्ये दबून बसलेली ती एवढीशी संशोधन प्रयोगशाळा. सातवं माणूस आलं तर त्याच्यासाठी स्टूल शोधावं लागे.

"मी महिनाभर सांगतोय, या नोंदी खोट्या आहेत म्हणून," विठ्ठल म्हणाला. "आता तर पानच गायब! यापेक्षा आणखी काय पुरावा पाहिजे?"

सगळे मंजुळाकडे बघू लागले. मंजुळा ओव्हाळ सव्वीस वर्षांची होती, कल्याणच्या कोळसेवाडीतून रोज यायची, आणि घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली पहिलीच होती. तिने वही हातात घेतली, फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि वही मिटून परत ठेवली.

"पान मीच फाडलं," ती म्हणाली. "का फाडलं ते मात्र मी सांगणार नाही."

प्रयोगशाळेचे मालक डॉ. प्रभाकर देवस्थळी केबिनमध्ये गेले. मंजुळाची एक वर्षाची उमेदवारी शनिवारी संपत होती. तिला कायम करायचं पत्र टाइप होऊन त्यांच्या खणात पडलं होतं. आता दुसरंच पत्र टाइप करावं लागणार होतं, आणि त्यात 'खोट्या नोंदी' हे दोन शब्द एकदा गेले की या मुलीला देशातली कुठलीही प्रयोगशाळा दारात उभं करणार नव्हती. देवस्थळींना ते लिहवेना. त्यांनी फोन उचलला आणि एक जुना नंबर फिरवला.

"बाई, मी प्रभाकर. उद्या येता का? माझ्याकडे एक मुलगी आहे. ती एकतर फार हुशार आहे किंवा फार खोटारडी, आणि शनिवारपर्यंत मला ते ठरवायचंय."

२

सुमतीबाई गुप्त्यांनी चौतीस वर्षं रंगाच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढली होती. दोन वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या, आणि तेव्हापासून रामनगरातल्या शेजारणींच्या दुधातलं पाणी पकडण्यावर त्यांना समाधान मानावं लागत होतं. साहजिकच दूधवाले त्यांना टरकून असत. प्रभाकरची पहिली नोकरी त्यांच्याच हाताखाली झाली होती, त्यामुळे तो डॉक्टर झाला, मालक झाला, तरी त्यांच्या लेखी तो 'अरे प्रभाकर'च होता.

गुरुवारी साडेनऊला त्या हजर झाल्या, बिनसाखरेचा चहा मागितला आणि म्हणाल्या, "हं, बोल. आणि मला समजेल असं बोल. मी रंगातली बाई, तुमच्या साखरेतलं मला फार कळत नाही."

हे खोटं होतं. पण समोरच्याने सोपं करून सांगायला घेतलं की तो स्वतःच्या चुका स्वतःच उघड्या करतो, हे बाईंना अनुभवाने माहीत होतं.

देवस्थळींनी पाटीवर एक षटकोन काढला. "ही साखरेची कडी. हिला एक बेंझिनची कडी जोडायची, तीही मध्ये ऑक्सिजन न ठेवता, थेट कार्बनला कार्बन. असा सांधा शरीरात सहजासहजी तुटत नाही, म्हणून औषधवाल्यांना तो हवा असतो. दोघांना जवळ आणायचं काम पॅलेडियम करतं."

"लग्नातल्या मध्यस्थासारखं," बाई म्हणाल्या. "गाठ मारून द्यायची आणि आपण पुढच्या घरी जायचं."

"अगदी तसंच. म्हणून ते चिमूटभर लागतं. खरी मेख पुढे आहे. बेंझिन साखरेच्या खालच्या बाजूने जोडलं जाऊ शकतं, नाहीतर वरच्या. गिऱ्हाइकाला फक्त खालचं पाहिजे. वरचं त्याच्या काही कामाचं नाही."

पोलॅरिमीटर नावाच्या यंत्रात पदार्थाचं द्रावण ठेवलं की त्यातून जाणारा प्रकाश किती वळतो ते कळतं. निव्वळ खालचं असेल तर आकडा येई अठ्ठावन्न. वरचं मिसळलं की आकडा घसरे. मंजुळाने सहा महिन्यांत अकरा वेळा हा पदार्थ बनवला आणि अकराही वेळा आकडा अठ्ठावन्नच्या आसपास आला. विठ्ठलने तिचीच वही समोर ठेवून, शब्द न् शब्द पाळून, तीनदा बनवला आणि तिन्ही वेळा एकवीस-बावीसच्या वर गेला नाही.

"जोशीबुवा टाइपिस्ट म्हणतात, मुलीला हातगुण आहे," देवस्थळी कसनुसं हसले. "पण बाई, हातगुण मी गिऱ्हाइकाला विकू शकत नाही. दुसऱ्याच्या हातून जे होत नाही, ते झालंच नाही असं आमच्याकडे धरतात."

"आणि तिला सगळ्यांसमोर करायला लावलंस?"

"पंधरा दिवसांपूर्वी. विठ्ठलने स्टोअरमधून नवा कोरा फ्लास्क काढून, धुऊन तिला दिला आणि तिच्या शेजारी उभा राहिला."

"आकडा?"

देवस्थळींनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेरच्या नाल्याला आज जांभळा रंग होता.

"तेवीस," ते म्हणाले.

३

विठ्ठल सबनीसला भेटायच्या आधीच बाईंना तो आवडेनासा झाला होता, पण भेटल्यावर पंचाईत झाली. माणूस तिरसट होता, पण लबाड वाटेना. त्याच्या टेबलावर प्रत्येक वस्तू रांगेत होती. त्याच्या काचसामानाच्या कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली त्याच्या गळ्यात होती.

"माझी काच मीच धुतो, मॅडम. क्रोमिक ॲसिडने, रोज. दामाजीवर माझा भरवसा नाही. तो बाकीच्यांची धुतो." त्याने हात पुढे केले. बोटांची टोकं पिवळी पडून चिरली होती. "हे बघा. उगाच नाही झालं."

"तुम्हाला मंजुळाची जागा पाहिजे?"

"मला माझीच जागा पुरे आहे," विठ्ठल तडकला. "मॅडम, मी तीन महिने घालवलेत तिच्या मागे. सुरुवातीला मला वाटलं, मीच ढ. घरी जाऊन बायकोलासुद्धा सांगितलं, की कालची पोरगी करते ते मला जमत नाही. मग नव्या फ्लास्कमध्ये तिलाही जमलं नाही, आणि आता हे पान. मी काय समजू?"

त्याचा आवाज थोडा कापला. बाईंनी ते लक्षात ठेवलं.

मंजुळा मात्र सरळ उत्तरं देत होती. साखर कोणती, पॅलेडियम किती, कढत पाण्यावर किती वेळ, सगळं तिला वही न बघता पाठ होतं. प्रश्न पानाकडे वळला की तिचा दरवाजा बंद.

"अगं, त्या पानावर आकडे होते का?"

"आकडे सेहेचाळीसवर आहेत, मॅडम. ते कोणीही तपासावेत."

"मग फाडलेल्या पानावर काय होतं?"

"प्रयोगाशी संबंध नसलेली एक ओळ होती."

"प्रयोगाशी संबंध नाही, तर त्या ओळीसाठी स्वतःची नोकरी का घालवतेस?"

मंजुळाने ओठ आवळले. डोळे भरले होते, पण तिने पाणी खाली पडू दिलं नाही. "माझे पप्पा म्हणतात, आपल्याला कोणी खोटं म्हटलं तर खरं काय ते कामातून दाखवायचं. मी पुन्हा करून दाखवीन. पण ती ओळ नाही सांगणार. त्यात माझ्या एकटीचं नाही."

बाईंनी चष्मा काढून पुसला. पोरगी दुसऱ्या कोणालातरी पाठीशी घालत होती, आणि स्वतःचा बळी देऊन घालत होती. सहा जणांत असा कोण होता, ज्याच्यासाठी हिने एवढं करावं?

"तुला इथे जेवायला सोबत कोणाची असते गं?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"दामाजीकाकांची," मंजुळा म्हणाली, आणि म्हटल्या म्हटल्या तिचा चेहरा उतरला.

४

दामाजी नाखवा प्रयोगशाळेचा मदतनीस. खाडीकाठच्या मोठागावचा कोळी, वय सत्तावन्न, निवृत्तीला दीड वर्ष बाकी. मागच्या मोरीपाशी तो फ्लास्क उपडे घालून ठेवत होता. मोरीच्या वर लाल अक्षरांत पाटी होती: 'काच क्रोमिक ॲसिडनेच धुवावी.' खाली देवस्थळींची सही.

"सायब बोलला हाय," दामाजीने बाईंना पाटी दाखवली. "जूनमधी सगल्यांसमोर बोलला, ॲसिडशिवाय काच धुतलेली दिसली का घरी बसवीन."

"मग तुम्ही ॲसिडनेच धुता?"

"व्हय, बाय. रोज." दामाजीने नजर फ्लास्कवरून हलवली नाही.

बाईंनी आणखी काही विचारलं नाही. त्या नुसत्या उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या. चौतीस वर्षांत त्यांनी हेच केलं होतं.

मोरीच्या कडेला क्रोमिक ॲसिडच्या दोन बरण्या होत्या. एकीवर विठ्ठलचं नाव. तिच्यातलं ॲसिड वापरून वापरून गढूळ हिरवं झालेलं. दुसरी दामाजीची, तिच्यातलं ॲसिड काल भरल्यासारखं लखलखीत नारिंगी होतं. बरणीच्या बुडाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर भरल्याची तारीख होती, ऑगस्टची.

दामाजीच्या हातांना घट्टे पडले होते, जाळी ओढणाऱ्या माणसाला पडतात तसे. पण कातडी धड होती. एकही पिवळा डाग नाही, एक चीर नाही.

खिडकीच्या गजावर फ्लास्क पुसायचं फडकं वाळत होतं. त्याच फडक्याला दामाजी दुपारी कालवणाचे हात पुसत असणार, कारण त्यावर हळदीचे जुने पिवळे डाग होते. पण सगळे पिवळे नव्हते. मधले काही ठिपके चक्क तांबडे झाले होते.

बाईंनी फडकं उचललं, नाकाशी नेलं, परत ठेवलं. त्यांना हसू येत होतं आणि रागही येत होता. ही सगळी शिकलेली मंडळी महिनाभर पॅलेडियमकडे डोळे लावून बसली होती, आणि उत्तर गजावर वाळत पडलं होतं.

पण नुसता कयास पुरणार नव्हता. विठ्ठलसारख्या माणसाला आकडा लागतो, आणि तोही त्याच्या स्वतःच्या यंत्राचा.

"सबनीस," त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "उद्या शुक्रवार, एमआयडीसीची सुट्टी. तरीही येता का? तुमच्या हाताने, तुमच्याच काचेत, चौथ्यांदा करायचंय."

"परत एकवीस येईल, मॅडम."

"येऊ दे की. मला त्याच्या आधीचा आकडा पाहिजे."

५

शुक्रवारी एमआयडीसी गप्प होती. एरवी रस्त्यावर टँकरांची रांग असते, तिथे आज दोन कुत्री उन्हात आडवी पडली होती. विठ्ठल इस्त्रीचा शर्ट घालून आठलाच आला होता.

त्याचं काम बघण्यासारखं होतं, हे बाईंना मान्य करावं लागलं. साखर, बेंझिनचा जोडीदार, चिमूटभर पॅलेडियम, तापमान काट्यावर. दुपारी दोनला मिश्रण तयार झालं. आता राहिलं होतं ते गाळून, धुऊन, कढत पाण्यावर धरून द्रावण आटवणं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आटवण्याआधी यातलं थोडं काढा आणि मोजा."

"कच्च्याचं कोणी मोजत नाही, मॅडम. पातळ असतं. हिशेब करून काढावं लागतं."

"करा की हिशेब. तुम्हाला कुठे जायचंय?"

विठ्ठल कुरकुरत यंत्राशी बसला. एका डोळ्याने नळीत बघितलं, चाक फिरवलं, कागदावर भागाकार केला. मग कागद खोडला आणि पुन्हा केला.

"सत्तावन्न," तो म्हणाला. "हे शक्य नाही."

"आता बाकीचं आटवा. नेहमीसारखं."

तासाभराने आटवलेल्या पदार्थाचा आकडा आला. एकवीस.

विठ्ठल स्टुलावर बसला तो बसलाच. बाईंनी त्याला पाणी आणून दिलं.

"म्हणजे माझ्या हातूनही बरोबरच होत होतं?" तो हळूच म्हणाला. "तिन्ही वेळा?"

"बरोबरच. तुमच्या पॅलेडियमने चोख खालच्या बाजूनेच गाठ मारली होती. पण खालची जागा अडचणीची. नवरामुलगा तिथे अवघडून बसलेला. पाणी तापलं, द्रावण आटलं आणि कोणीतरी त्याला ढकललं. तो उलटून वर गेला."

"पण कोणी? इथे तुम्ही आणि मी सोडून कोणी नाही."

"तुमच्या बोटांनाच विचारा," बाई म्हणाल्या आणि पर्स उचलली. "उद्या दहाला सगळे जमा. आणि सबनीस, उद्या जरा मन मोठं करावं लागेल. आजच तयारी ठेवा."

६

शनिवारी बाई सगळ्यांच्या आधी पोचल्या आणि तडक मोरीकडे गेल्या.

"दामाजी, मंजुळाच्या वहीतलं पान फाटलंय, माहीत आहे ना?"

"ऐकलंय, बाय. पोरीचं वंगाळ झालं."

"त्या पानावर एकच ओळ होती. 'फ्लास्क दामाजीकाकांनी राखेने धुतला.' बरोबर?"

दामाजीच्या हातातला फ्लास्क मोरीत घसरला. नशिबाने फुटला नाही.

"ओळ मी वाचलेली नाही, अंदाजाने सांगते," बाई म्हणाल्या. "खरी नोंद ठेवायची सवय, म्हणून लिहून गेली. मग साहेबांनी तुम्हाला दम भरलेला आठवला, म्हणून फाडली. ती तोंड उघडत नाही ते तुमच्यासाठी. आज तिला खोटारडी म्हणून काढतील. आता तुम्ही सांगता, की मी सांगू?"

दामाजी गर्रकन वळला. "माज्यापायी? पोर माज्यापायी चोर ठरली?" त्याने ओले हात शर्टाला पुसले, मोरीखाली वाकला, बादलीच्या मागून पत्र्याचा एक डबा काढला आणि केबिनकडे निघाला. बाईंना त्याला गाठायला धावावं लागलं.

केबिनमध्ये सगळे जमले होते. दामाजीने डबा देवस्थळींच्या टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. आत चुलीची राखाडी, मऊ, चाळलेली राख होती.

"सायब, पोरीचा काय गुन्हा नाय. मना ते ॲसिड सोसत नाय, हात जळतान. आमचे घरान माजी बायको जनाबाय भांडी राखेन घासतं, ती कशी चकचक्तान. मी पन तसाच केला. सहा म्हैने. मना घरी बसवा, पन तिला काय बोलू नका."

"काका!" मंजुळा ओरडली. "तुम्ही कशाला…"

"गप ग. लई गप रायलीस."

विठ्ठल कपाळाला आठ्या घालून डब्याकडे बघत होता. "म्हणजे अकराच्या अकरा बॅचा न धुतलेल्या काचेत केल्या?"

"बसा सगळे," सुमतीबाई म्हणाल्या. "आता माझं ऐका. दामाजीची ॲसिडची बरणी ऑगस्टपासून नारिंगी आहे. वापरलेलं ॲसिड हिरवं पडतं, सबनीसांच्या बरणीसारखं. म्हणजे दामाजी ॲसिड वापरत नव्हते. त्यांचे हातही तेच सांगत होते. मग काच एवढी लख्ख कशाने? मोरीवरच्या फडक्याला हळदीचे डाग आहेत, त्यातले काही तांबडे झालेत. हळद तांबडी कधी होते, हे कुंकू बनवताना पाहिलेल्या कुठल्याही बाईला विचारा. क्षार लागला की. राखेत क्षार असतो, ॲसिडच्या बरोबर उलटा. दामाजी राखेने घासतात, एका पाण्याने विसळतात आणि उपडं घालतात. काचेवर क्षाराचा हात फिरलेला राहतो, डोळ्याला न दिसणारा."

"आणि माझ्या काचेवर?" विठ्ठलने विचारलं. पण विचारता विचारताच त्याने आपल्या पिवळ्या बोटांकडे पाहिलं आणि तो पांढरा पडला. "ॲसिड."

"क्रोमिक ॲसिड काचेला धरून बसतं, कितीही धुवा. द्रावण पातळ असतं तोवर त्याचं काही चालत नाही. आटत आलं की तेवढासा अंशही पुरतो, आणि खालची गाठ उलटून वर जाते. मंजुळाच्या फ्लास्कमध्ये तो अंश नव्हताच, उलट क्षार पहाऱ्याला होता. तुम्ही तिला ॲसिडने धुतलेला नवा फ्लास्क दिलात, आणि तिचाही आकडा कोसळला. माणूस तोच, साखर तीच, धातू तोच. बदलली फक्त काच. प्रभाकर, तू महिनाभर माणसं तपासत होतास."

देवस्थळींनी डबा पुढे ओढला. मग त्यांनी बोटं बुडवून चिमूटभर राख उचलली आणि दोन बोटांत चोळली.

"दामाजी, ती पाटी मीच लावली होती," ते म्हणाले. "चूक माझी आहे. आज काढतो." त्यांनी खण उघडला आणि टाइप केलेला कागद मंजुळासमोर सरकवला. "हे तुझं कायम झाल्याचं पत्र. बुधवारीच द्यायला हवं होतं."

मंजुळाने पत्र वाचलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद आला, लपवूनही लपला नाही. तरी तिने पत्र टेबलावरच ठेवलं.

"सर, मी हे संध्याकाळी घेते. आधी सबनीस सरांनी करून बघू दे. नव्या फ्लास्कमध्ये, आत चिमूटभर खाण्याचा सोडा फिरवून. माझ्या हातून बाराव्यांदा आलं तर पुन्हा हातगुणच म्हणतील."

सगळे विठ्ठलकडे वळले. तो उठून उभा राहिला.

"मंजुळाबाई," तो म्हणाला, आणि त्याने तिला बाई म्हटलेलं त्या खोलीत आजवर कोणी ऐकलं नव्हतं, "बुधवारी मी या सहा जणांसमोर तुम्हाला खोटं ठरवलं. याच सहा जणांसमोर माफी मागतो. आणि करून बघतो."

दिवस लांबला. जोशीबुवांनी दोनदा चहा मागवला. दामाजीने सोडा आणायला स्वतः कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जायचा हट्ट धरला. मंजुळा विठ्ठलच्या टेबलाकडे एकदाही फिरकली नाही. ती व्हरांड्यात सुमतीबाईंशी कोळसेवाडीतल्या पाण्याच्या वेळांबद्दल बोलत होती, पण तिचं लक्ष कुठे होतं ते बाईंना कळत होतं. बाईंचंही तिथेच होतं.

सव्वापाचला विठ्ठल पोलॅरिमीटरसमोर बसला. पाहिलं. चाक शून्यावर आणलं, पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा नळी पुसून पाहिलं. मग तो उठला, व्हरांड्याच्या दारात आला आणि शेजारच्या कारखान्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अठ्ठावन्न!"

मंजुळाने डोळे मिटले आणि व्हरांड्याचा कठडा घट्ट धरला. सुमतीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. दामाजी तर चक्क रडायलाच लागला होता आणि ते लपवायच्या भानगडीत पडला नाही.

विठ्ठलने आपली प्रयोगवही तिच्यासमोर धरली. प्रत्येक निकालाखाली दुसऱ्या रसायनतज्ज्ञाने साक्षीदार म्हणून सही करायची असते. पानाच्या डोक्यावर त्याने आपल्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: 'पद्धत: मंजुळा ओव्हाळ. काचेचं गुपित: दामाजी नाखवा. हात: वि. सबनीस.'

मंजुळाने ते दोनदा वाचलं. मग खिशातलं पेन काढलं आणि खाली सही केली, पूर्ण नावाची.